मणक्यांमधील चकत्यांचा ऱ्हास आणि प्राणी-प्रारूपे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चकत्यांच्या ऱ्हासाचा अभ्यास प्राण्यांवर कसा होतो, याविषयी विद्यार्थी, फिजिओथेरपिस्ट आणि पाठदुखीमुळे स्वतःच शोधनिबंध वाचू लागलेले रुग्ण जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चकतीचा ऱ्हास होतो म्हणजे नेमके काय होते?

दोन मणक्यांमधील चकतीचे, म्हणजे बोलीभाषेतील गादीचे, तीन भाग असतात. मध्यभागी पाणीदार, मऊ गाभा असतो, त्याच्याभोवती कोलॅजेन तंतूंच्या अनेक थरांचे चिवट कडे असते आणि वर व खाली, मणक्याला लागून, कूर्चेचा पातळ थर म्हणजे एंडप्लेट असते. गाभ्यात पाणी धरून ठेवण्याचे काम मुख्यतः ॲग्रेकॅन हा रेणू करतो. ऱ्हास होताना ॲग्रेकॅन तुटत जाते, पाणी घटते, चकतीची उंची कमी होते, कड्याला भेगा पडतात आणि पूर्वी गाभ्यावर समान पसरणारा भार कड्यावर एकवटू लागतो.

याच्या मुळाशी पोषणाची अडचण आहे. प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या कड्याच्या बाहेरच्या थरांपलीकडे जात नाहीत, त्यामुळे गाभ्यातील पेशींना ग्लुकोज आणि ऑक्सिजन एंडप्लेटमधून विसरणाने (डिफ्यूजन), म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत, मिळतात आणि तयार झालेले लॅक्टिक आम्ल त्याच वाटेने बाहेर जाते. मोठ्या चकतीच्या मध्यातील पेशी जवळच्या रक्तवाहिनीपासून सात-आठ मिलिमीटर दूर असू शकतात. हे अंतर लक्षात ठेवावे, कारण प्राण्याची निवड करताना तेच पुन्हा आडवे येते (प्रश्न ४).

२. यासाठी प्राणी कशाला हवेत? रुग्ण तर भरपूर आहेत.

रुग्ण भरपूर आहेत, पण ते संशोधकाच्या हाती फार उशिरा येतात. शस्त्रक्रियेत काढलेला चकतीचा तुकडा बहुधा आजाराच्या शेवटच्या टप्प्यातील असतो आणि त्यावरून सुरुवात कशी झाली हे सांगता येत नाही. निरोगी माणसाच्या चकतीतून नमुना घेणे म्हणजे तिला इजा करणे होय. एमआरआय वारंवार करता येतो, परंतु पेशी काय करत आहेत हे त्यात दिसत नाही. शिवाय माणसात वय, आनुवंशिकता, धूम्रपान, वजन आणि काम हे सर्व घटक गुंतलेले असतात. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांनी तर आनुवंशिकतेचा वाटा पूर्वी वाटत होता त्याहून बराच मोठा असल्याचे दाखवले आहे. प्राण्यात ऱ्हासाची सुरुवात ठरावीक दिवशी, ठरावीक कारणाने करता येते आणि हव्या त्या टप्प्यावर चकती काढून तपासता येते. मात्र ज्या सोयीमुळे प्राणी उपयोगी पडतो, तीच त्याची मर्यादाही ठरते, कारण माणसाचा ऱ्हास ठरावीक दिवशी एकाच कारणाने सुरू होत नाही.

३. प्राणी चार पायांवर चालतात. मग त्यांच्या कण्यावर भार येतोच कसा?

हा आक्षेप सर्वाधिक वेळा येतो आणि तो वाटतो तितका भक्कम नाही. चार पायांच्या प्राण्याचा कणा दोन टोकांना टेकवलेल्या तुळईसारखा आडवा असतो आणि शरीराच्या वजनाने तो वाकू नये म्हणून स्नायूंना व अस्थिबंधांना सतत ताण धरून राहावे लागते. हा ताण मणक्यांना लांबीच्या दिशेने एकमेकांवर दाबतो. याचा पुरावा हाडातच आहे: चतुष्पाद प्राण्यांच्या मणक्यातील जाळीदार हाडाच्या पट्ट्या एका एंडप्लेटपासून दुसरीकडे, म्हणजे कण्याच्या लांबीच्या दिशेने धावतात आणि हाड ज्या दिशेने भार येतो त्या दिशेने स्वतःला रचते. मेंढी, शेळी यांच्या मणक्यांतील हाड माणसापेक्षा दाट असते, यावरून त्यांच्या चकत्यांवरील दाब क्षेत्रफळाच्या हिशेबाने माणसाहून कमी नसून जास्त असावा असे मानले जाते.

तरीही फरक उरतो. भाराची दिशा जुळली म्हणून हालचाल जुळते असे नाही. वाकण्याचा व पीळ बसण्याचा आवाका, मागील सांध्यांच्या पृष्ठभागांचे कोन आणि दिवसभरातील भाराचा चढउतार वेगळे असतात. माणूस रात्री आडवा होतो तेव्हा त्याची चकती पाणी शोषून पुन्हा फुगते. हे चक्र प्रत्येक प्राण्यात तसेच असेल असे धरून चालता येत नाही. उंदरांना दोन पायांवर उभे करून हा प्रश्न सोडवण्याचे प्रयत्नही झाले आहेत, त्यांविषयी प्रश्न १२ पाहावा.

४. कोणते प्राणी वापरतात आणि आकाराचा फरक किती महत्त्वाचा?

उंदरांच्या दोन जाती, म्हणजे लहान माऊस आणि त्याहून मोठा रॅट, तसेच ससा, कुत्रा, शेळी, मेंढी, डुक्कर आणि क्वचित माकडे वापरली जातात. कमरेच्या चकतीची उंची माणसात साधारण ११ मिलिमीटर, मेंढीत सुमारे ४, सशात दोन-अडीच, रॅटमध्ये एकाहून थोडी कमी आणि माऊसमध्ये जेमतेम ०.३ मिलिमीटर असते. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हा फरक केवळ मापाचा राहत नाही. माऊसच्या चकतीतील पेशीला उपासमार ठाऊकच नसते, असे म्हटले तरी चालेल. एखादी पेशी-उपचारपद्धती तेथे यशस्वी झाली, तरी टोचलेल्या नव्या पेशी माणसाच्या चकतीत जगतील का, याचे उत्तर मिळत नाही. जनुकाचे कार्य तपासायचे असेल तर माऊसला पर्याय नाही. रोपण किंवा शस्त्रक्रियेचे साधन तपासायचे असेल तर मेंढी किंवा शेळी लागते.

५. नोटोकॉर्ड पेशींचा उल्लेख प्रत्येक निबंधात येतो. त्यांचे एवढे काय?

भ्रूणात कण्याच्या जागी प्रथम नोटोकॉर्ड नावाचा दांडा असतो आणि चकतीचा गाभा त्यापासून बनतो. जन्मानंतर गाभ्यात मोठ्या, पोकळ्यांनी भरलेल्या नोटोकॉर्ड पेशी असतात. माणसात त्या बालपणीच, साधारण दहाव्या वर्षापर्यंत, जवळजवळ दिसेनाशा होतात आणि त्यांच्या जागी कूर्चेतील पेशींसारख्या लहान पेशी येतात. माऊस, रॅट, ससा आणि डुक्कर यांच्यात मात्र त्या प्रौढपणीही टिकून राहतात. मेंढी, शेळी, गाय-बैल आणि आखूड पायांच्या जातींचे कुत्रे यांच्यात त्या लवकर नाहीशा होतात, म्हणजे या बाबतीत ते माणसाच्या जवळचे आहेत.

याला महत्त्व आहे, कारण नोटोकॉर्ड पेशींच्या स्रावांमुळे इतर पेशींची ॲग्रेकॅनसारखे पदार्थ तयार करण्याची क्षमता वाढते, हे पेशीसंवर्धनात दिसले आहे. ज्या प्राण्यात अशा पेशी शाबूत आहेत, त्याची चकती दुखापतीनंतर स्वतःला सावरू शकते आणि त्याचे श्रेय चुकून औषधाला मिळू शकते.

गुंता इतक्यावर संपत नाही. माऊसमध्ये पेशींचा वंशमाग काढणाऱ्या अभ्यासांत गाभ्यातील लहान पेशीही नोटोकॉर्डपासूनच आल्याचे दिसले. मग माणसात त्या मोठ्या पेशी मरतात की रूप बदलतात? दुसरी शक्यता अधिक पटण्यासारखी आहे, पण ती मान्य केली तरी व्यवहारातील सावधगिरी तीच राहते: प्रयोगातल्या प्राण्याच्या वयाला त्या पेशी होत्या की नव्हत्या, हे निबंधात लिहिलेले असलेच पाहिजे.

६. निरोगी प्राण्यात ऱ्हास घडवून आणतात कसा?

सर्वांत जुनी व आजही सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे कड्याला छेद देणे. १९८१ मध्ये लिपसन आणि म्यूर यांनी सशाच्या चकतीला पुढच्या बाजूने छेद देऊन पुढील बदलांचा माग घेतला. मात्र पूर्ण छेद दिल्यास गाभा एकदम बाहेर येतो आणि आजार फार झपाट्याने घडतो. म्हणून २००५ मध्ये मासुदा व सहकाऱ्यांनी सशात ठरावीक जाडीच्या सुईने टोचण्याची पद्धत मांडली. तीत ऱ्हास सावकाश व बऱ्याच अंशी सारखा होतो. मेंढीत कड्याच्या फक्त बाहेरच्या थरांना छेद दिला आणि आतील थर शाबूत ठेवले, तरी काही महिन्यांत आतपर्यंत ऱ्हास पोहोचतो, हे ऑस्टी व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले. माणसातील कड्याच्या भेगा समजून घेण्यासाठी तो प्रयोग आजही मोलाचा आहे.

दुसरी पद्धत रासायनिक आहे. कॉन्ड्रॉइटिनेझ एबीसीसारखे एंझाइम गाभ्यात टोचले की ॲग्रेकॅनच्या साखरेच्या शाखा तुटतात आणि पाणी सुटते. शेळीत याच्या अल्प मात्रेने सौम्य, हळू वाढणारा ऱ्हास घडवता येतो. तिसरी पद्धत यांत्रिक भाराची (प्रश्न ९) आणि चौथी जनुकीय आहे. एसपीएआरसी हे प्रथिन नसलेल्या माऊसमध्ये वयाबरोबर चकत्या लवकर झिजतात, तर डीएनए दुरुस्तीचे ईआरसीसी-१ हे प्रथिन कमी असलेल्या माऊसमध्ये अकाली वार्धक्यासोबत चकत्याही खालावतात. यांपैकी प्रत्येक पद्धत ऱ्हासाच्या साखळीतील वेगळ्या कडीपासून सुरुवात करते. म्हणून एका पद्धतीतील निष्कर्ष दुसरीत दिसला नाही, तर त्याला विसंगती म्हणण्याची घाई करू नये.

७. सुई किती जाड असावी, याचा काही नियम आहे का?

ढोबळ नियम आहे. अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र पाहता, सुईची जाडी चकतीच्या उंचीच्या सुमारे ४० टक्क्यांहून जास्त असेल तर बदल ठळकपणे दिसतात, असे २००८ मध्ये एलियट व सहकाऱ्यांनी मांडले. गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते: १६ गेजची सुई सुमारे १.६५ मिलिमीटर जाड असते, तर २१ गेजची ०.८ मिलिमीटर. ३० गेजची अगदी बारीक सुईही ०.३ मिलिमीटर असते, म्हणजे माऊसच्या कमरेच्या चकतीच्या उंचीएवढी. तेथे टोचणे आणि चिरडणे यांत फारसा फरक उरत नाही.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो माणसातच सापडतो. या प्रमाणानुसार माणसाच्या चकतीला बारीक सुईने काहीच व्हायला नको. परंतु २००९ मध्ये कॅरागी व सहकाऱ्यांनी, निदानासाठी चकतीत सुई घालून द्रव्य टोचलेल्या व्यक्तींची दहा वर्षांनंतर तुलना केली, तेव्हा टोचलेल्या चकत्यांपैकी सुमारे ३५ टक्क्यांत ऱ्हास वाढलेला आढळला. न टोचलेल्या गटात हे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. म्हणजे जाडीचे प्रमाण हा लघुकालीन बदलांचा नियम आहे, सुरक्षिततेची हमी नव्हे.

८. कोणत्या प्राण्यात हा आजार आपोआप होतो?

सर्वांत चांगले उदाहरण कुत्र्याचे आहे. डॅक्सहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींत गाभा लहान वयातच कोरडा व कॅल्शियमयुक्त होतो आणि अचानक बाहेर फुटून मेरुरज्जूवर दाब येऊ शकतो. स्वीडनमधील हान्सेन यांनी १९५२ मध्ये कुत्र्यांतील या फुटण्याला पहिला प्रकार आणि इतर जातींत उतारवयात हळूहळू येणाऱ्या फुगवट्याला दुसरा प्रकार म्हटले. पशुवैद्यक आजही तीच विभागणी वापरतात. २०१७ मध्ये या आजाराचा संबंध बाराव्या गुणसूत्रावरील एफजीएफ-४ जनुकाच्या एका जादा प्रतीशी असल्याचे दिसून आले. जागेचा फरक मात्र लक्षात घ्यावा: डॅक्सहुंडमध्ये छाती व कंबर यांच्या सांध्याजवळचा भाग अधिक ग्रस्त होतो, माणसात कमरेचा खालचा भाग.

वाळवंटी सँड रॅटमध्ये आणि वयस्क बबून माकडांतही नैसर्गिक ऱ्हास दिसतो. बबून बराच वेळ ताठ बसतात, त्यांचा ऱ्हास माणसाशी बराच जुळतो. पण खर्च, काळ आणि नैतिक आक्षेप यांमुळे त्यांचा वापर मर्यादितच राहिला आहे आणि तसाच राहावा.

९. शेपटीच्या चकत्यांवर केलेला प्रयोग कमरेला लागू होतो का?

अंशतः होतो. शेपटीपर्यंत मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय पोहोचता येते, मेरुरज्जूला धोका नसतो आणि मणक्यांत तारा घालून बाहेरून कड्या व स्प्रिंग लावल्या की नेमका भार देता येतो. लॉट्झ व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये माऊसच्या शेपटीवर असा दाब दिला, तेव्हा कड्याची रचना विस्कटली आणि पेशी मरू लागल्या. जास्त दाबाला जास्त हानी, हे नातेही दिसले. दाबाला पेशी कसा प्रतिसाद देतात, एवढाच प्रश्न असेल तर शेपटी पुरेशी आहे. मात्र तेथे कमरेसारखे मागील सांधे व स्नायू नसतात, त्यामुळे संपूर्ण कण्याच्या यांत्रिकीबद्दल किंवा पाठदुखीबद्दल तीवरून बोलू नये.

१०. ऱ्हास किती झाला, हे मोजतात कसे?

क्ष-किरण चित्रावरून चकतीच्या उंचीचा शेजारच्या मणक्यांच्या उंचीशी असलेला निर्देशांक काढतात. एमआरआयमध्ये पाण्याचा संकेत पाहून २००१ च्या फिरमन श्रेणीनुसार एक ते पाच अंश देतात. ती मुळात माणसाच्या कमरेसाठी असल्याने लहान प्राण्यांत जपून वापरावी लागते. अखेरीस चकतीचे काप सॅफ्रानिन-ओसारख्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली गुण दिले जातात. गुण देणाऱ्याला चकती कोणत्या गटातील आहे हे माहीत नसावे. केवळ उंचीवर विसंबलेला निबंध अर्धाच समजावा.

११. प्राण्याची पाठ दुखते आहे, हे कळते कसे?

थेट कळत नाही. वागण्यावरून अनुमान काढावे लागते. पंजाला ठरावीक जोराचा बारीक तंतू टेकवून प्राणी पाय कधी मागे घेतो हे पाहतात, चाल व पकडीची ताकद मोजतात, शेपटीने उचलल्यावर प्राणी अंग ताणून राहतो की आखडून घेतो याची नोंद घेतात. एसपीएआरसी नसलेल्या माऊसमध्ये अशी अनेक लक्षणे वयाबरोबर दिसतात आणि वेदनाशामकाने त्यांतील काही कमी होतात, म्हणून वेदनेच्या अभ्यासात त्याला विशेष स्थान आहे.

येथे एक मूलभूत अडचण आहे. ऱ्हास आणि वेदना एक नव्हेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, पाठ मुळीच न दुखणाऱ्या विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के व्यक्तींच्या प्रतिमांत चकत्यांचा ऱ्हास दिसतो. दुसरीकडे, वेदनादायक चकत्यांत चेतातंतू आतपर्यंत वाढलेले असतात, हे फ्रीमॉन्ट व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले. म्हणून रंगवलेल्या कापात चकती सुधारलेली दिसली, तरी ‘पाठदुखीवर उपाय सापडला’ असे म्हणण्यास काहीही आधार नसतो. बातम्यांत ही उडी फार सहज घेतली जाते.

१२. उंदरांना दोन पायांवर उभे करणारे प्रयोग खरेच होतात का?

होतात. पूर्वी पुढचे पाय कापून टाकलेले उंदीर वापरले गेले. त्यातून निष्कर्ष काढणे अवघड होते, कारण असा प्राणी सदैव ताठ राहत नाही. शिवाय शस्त्रक्रियेचा ताण, बदललेली वाढ आणि वजन यांचा परिणाम वेगळा करता येत नाही. पुढे थोडे पाणी असलेल्या पेटीत ठेवून, पाणी टाळण्याच्या उंदराच्या वृत्तीमुळे त्याला रोज काही तास उभे राहायला लावणारी पद्धत आली. ती तुलनेने सौम्य असली तरी भीतीचा ताण तीतही आहेच. प्रश्न ३ मधील विवेचन पाहता मुळात या उपद्व्यापाची गरज किती, याबद्दल शंका घ्यावी.

१३. त्याच प्राण्याची शेजारची चकती तुलनेसाठी वापरली तर चालेल ना?

सावधपणे. एकाच प्राण्यातील तुलनेमुळे आनुवंशिक फरक टळतो आणि कमी प्राणी लागतात. परंतु एका चकतीची उंची घटली की लगतच्या चकतीवरील हालचाल व भार बदलतो, म्हणून मध्ये एक चकती सोडून पुढची घेणे बरे. तपासले जाणारे औषध चकतीत टोचायचे असेल, तर ती टोचणीही इजाच असते (प्रश्न ७). त्यामुळे न टोचलेली, फक्त क्षारद्रावण टोचलेली आणि औषध टोचलेली, अशा तिन्ही चकत्या लागतात. क्षारद्रावणाचा गट नसलेल्या निबंधात औषधाचा परिणाम किती आणि द्रवाच्या दाबाने उंची वाढली किती, हे ठरवताच येत नाही.

१४. या संशोधनातून माणसांसाठी उपचार निघाला आहे का? सशात तर चकती ‘पूर्ववत’ झाल्याचे वाचले.

निघाला आहे, पण अपेक्षेपेक्षा वेगळ्या वाटेने. १९५६ मध्ये लुइस थॉमस यांनी सशांच्या शिरेत पपईतील पपेन टोचले, तेव्हा त्यांचे ताठ कान काही काळ लुळे पडले, कारण कूर्चेतील पदार्थ विरघळला होता. हे वाचून लायमन स्मिथ यांनी पपईतीलच कायमोपपेन चकतीचा गाभा विरघळवण्यासाठी वापरण्याची कल्पना पुढे नेली आणि १९६४ मध्ये माणसांवरील अनुभव प्रसिद्ध केला. सरकलेल्या गादीसाठी ते अमेरिकेत १९८२ मध्ये मंजूर झाले. तीव्र ॲलर्जी आणि मज्जासंस्थेच्या गंभीर गुंतागुंती यांमुळे मागे पडत गेले आणि २००३ मध्ये तेथील विक्री थांबली. जपानमध्ये २०१८ मध्ये कॉन्डोलिएझ मंजूर झाले. ते कॉन्ड्रॉइटिनेझ एबीसीच आहे, म्हणजे शेळीत ऱ्हास घडवणारे तेच एंझाइम (प्रश्न ६). एकाच रेणूने एका प्रयोगात आजार होतो आणि दुसरीकडे तोच उपचार ठरतो, कारण तेथे उद्देश चकती वाचवण्याचा नसून चेतामुळावरील दाब कमी करण्याचा आहे.

चकती पुन्हा घडवण्याची कथा मात्र अपुरी आहे. सुईने टोचलेल्या सशाच्या चकतीत ओपी-१ हा वाढघटक एकदाच टोचल्यावर उंची परत आल्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. तरीही तो माणसासाठी मान्य उपचार बनलेला नाही. कारणे वर येऊन गेली आहेत: सशाची चकती लहान, तिच्यात नोटोकॉर्ड पेशी शिल्लक, प्राणी तरुण आणि ऱ्हास ताजा. माणसाची दशकानुदशके झिजलेली, एंडप्लेट जाड झालेली चकती अधिक पेशींना पोसू शकेल का, हा प्रश्न सशाला विचारलेलाच नव्हता. असा निबंध वाचताना सर्वप्रथम प्राण्याचे वय पाहावे, आणि उपचार इजेनंतर किती दिवसांनी दिला ते पाहावे. इजेच्या दिवशीच दिलेला उपचार फार तर प्रतिबंध ठरतो.

१५. प्राण्यांशिवाय हे काम होऊ शकत नाही का?

बरेचसे होऊ शकते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली पर्याय शोधणे, संख्या घटवणे आणि यातना कमी करणे ही तीन तत्त्वे आज या क्षेत्राला बंधनकारक मानली जातात. कत्तलखान्यातून मिळालेल्या बैलाच्या शेपटीच्या चकत्या एंडप्लेटसह काढून, भार देणाऱ्या यंत्रात पोषकद्रवात काही आठवडे जिवंत ठेवता येतात. त्यांचा आकार माणसाच्या चकतीच्या जवळ जाणारा असतो आणि नोटोकॉर्ड पेशी नसतात. पोषण, भार आणि औषधाची मात्रा यांचे प्राथमिक प्रश्न येथेच सोडवावेत. वेदना, रोगप्रतिकारक पेशींचा प्रवेश आणि महिनोन्महिने चालणारे बदल मात्र या यंत्रात दिसत नाहीत.

१६. आजारी पाळीव कुत्र्यावर नवा उपचार करून पाहणे हा प्राणी-प्रयोग आहे की वैद्यकीय उपचार?

दोन्ही, आणि म्हणूनच त्याला दोन्हीकडचे नियम लागतात. अशा कुत्र्याला ऱ्हास कोणी घडवलेला नसतो, तो माणसाच्याच घरात, त्याच्याच सोबतीने म्हातारा झालेला असतो आणि उपचार यशस्वी झाल्यास त्याचा स्वतःचाही लाभ असतो. त्यामुळे मालकाची माहितीपूर्ण संमती, नैतिक समितीची परवानगी आणि प्रचलित उपचाराशी प्रामाणिक तुलना या तिन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. वैज्ञानिक बाजूने जात, वय व आजाराची पातळी एकसारखी मिळत नाही, म्हणून अधिक कुत्रे लागतात आणि आकडे विखुरलेले येतात. चकती काढून तपासणेही सहसा शक्य नसते, एमआरआय आणि मालकाने भरलेली वेदनेची प्रश्नावली यांवर भागवावे लागते. मालकाला उपचार झाल्याचे ठाऊक असेल तर त्याला कुत्रा बरा वाटू लागतो, हे गृहीत धरून प्रश्नावली भरणाऱ्यालाही गट कळू देऊ नये.